सहावी खुर्ची आम्हाला नको

सुरक्षा परिषदेतील नकाराधिकाराबद्दल सर्व नागरिकांसाठी पत्रक



भारताला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळालीच पाहिजे, हे वाक्य आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की त्याचा अर्थ विचारायचेच राहून गेले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, वाक्य तेच राहिले. परदेशी पाहुणा दिल्लीत उतरतो, पाठिंब्याचे दोन गोड शब्द बोलतो, दुसऱ्या दिवशी मथळे होतात. त्या जागेसोबत नकाराधिकार, म्हणजे व्हेटो, मिळाला तर त्याचे आपण काय करणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

या पत्रकाचे म्हणणे सरळ आहे. भारताने नकाराधिकार मागू नये. कोणी देऊ केला तरी घेऊ नये. ज्या पाच देशांकडे तो आहे त्यांच्या हातून तो सोडवण्याच्या कामाला लागावे.

काहींच्या कपाळावर आठी पडेल. एवढा मोठा देश, एवढी लोकसंख्या, एवढी फौज, मग मान का नाकारायचा? म्हणूनच आधी हा मान कसला आहे ते पाहू.

एक हात वर, चौदा हात खाली

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. त्यांतले १० दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कधीच निवडून येत नाहीत आणि कधीच जातही नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमानुसार महत्त्वाचा ठराव मंजूर व्हायला नऊ मते लागतात, आणि या पाचांपैकी एकानेही विरुद्ध मत दिले की ठराव पडतो. बाकी चौदा जण एका बाजूला असले तरी पडतो.

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव परिषदेपुढे आला. अध्यक्षपद दरमहा फिरते आणि तो महिना रशियाचा होता. ज्याच्या रणगाड्यांबद्दल ठराव होता त्याचाच प्रतिनिधी अध्यक्षाच्या खुर्चीत होता, आणि त्याच खुर्चीतून त्याने विरोधाचा हात वर केला. ११ मते ठरावाच्या बाजूने, एक विरुद्ध, तीन तटस्थ. तटस्थांत भारत होता. ठराव पडला.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी गाझातील युद्ध ताबडतोब थांबवावे आणि ओलिसांना सोडावे असा ठराव आला. तो निवडून आलेल्या दहा सदस्यांनी मिळून मांडला होता. १४ मते बाजूने, अमेरिकेचे एक विरुद्ध. ठराव पडला.

आपल्याकडे रशियाचे उदाहरण दिले की एक गट खूश होतो आणि अमेरिकेचे दिले की दुसरा. दोघांनाही विनंती की ही दोन्ही उदाहरणे एकाच श्वासात वाचावीत. हात वेगळे आहेत, हत्यार एकच आहे.

आपल्या साध्या सहकारी पतसंस्थेतही, ज्या संचालकाच्या स्वतःच्या कर्जाचा विषय निघतो त्याने त्या ठरावावर मत द्यायचे नसते. गंमत अशी की सनदेतही तसा नियम आहे. वाद शांततेने मिटवण्याच्या ठरावांवर वादातील पक्षाने मतदान करू नये, असे त्याच २७व्या कलमात लिहिले आहे. पण सक्तीची कारवाई करण्याचा विषय निघाला की हा नियम लागू होत नाही. म्हणजे समजूत घालायची असेल तेव्हा आरोपीने बाजूला बसायचे आणि हात धरायची वेळ आली की त्यानेच निकाल द्यायचा.

अर्ध्या कागदावर वाटलेले देश

हा अधिकार आला कुठून? ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिल मॉस्कोला गेले. ९ तारखेच्या रात्री त्यांनी अर्ध्या कागदावर काही आकडे लिहून स्टालिनपुढे सरकवले: रुमानियात रशियाचे वजन ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९० टक्के, बल्गेरियात रशियाचे ७५, हंगेरी आणि युगोस्लाव्हियात निम्मे-निम्मे. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली. चर्चिल यांनी स्वतःच्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. ज्या पाच देशांचे हे टक्के होते त्यांचा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. त्याच डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश फौजेने ग्रीक डाव्यांवर बंदुका चालवल्या, आणि जगभरच्या डाव्यांचा कैवार घेणारे स्टालिन गप्प राहिले. सौदा सौद्यासारखा पाळला गेला.

पाठ्यपुस्तकात याला सत्तासमतोल म्हणतात. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. महासत्तांच्या व्यवहारात ती उलटी वाचावी लागते: दोघांचा समेट, तिसऱ्याचा बळी.

चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टाला नकाराधिकाराचे सूत्र ठरले. सनद लिहायला सॅन फ्रान्सिस्कोत ५० देश जमले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या एव्हॅट यांच्या पुढाकाराने लहान देशांनी कडवा विरोध केला. अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी मसुद्याची प्रत सर्वांसमोर फाडून दाखवली. नकाराधिकार नको असेल तर सनदही विसरा, असा त्याचा अर्थ. लहान देशांनी मान तुकवली. त्या परिषदेत भारतही होता, पण त्याचे प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने पाठवलेले होते. रामस्वामी मुदलियार त्यांचे प्रमुख होते. ज्या व्यवस्थेत आज आपण पाट मागतो आहोत ती मांडली गेली तेव्हा आपल्याला स्वतःचा आवाजही नव्हता.

व्यवस्थेने रंग दाखवायला फार वर्षे घेतली नाहीत. ३० ऑक्टोबर १९५६ रोजी सुएझच्या प्रश्नावर ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरला, आणि लगेच इजिप्तवर बाँब टाकायला सुरुवात केली. ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. आठवड्याच्या आत भांडवलशाही आणि साम्यवाद, दोन्ही तत्त्वज्ञानांनी एकच बटण दाबले.

ध्रुव मोजून कोणी वाचत नाही

अलीकडे नवा शब्द चलनात आहे: बहुध्रुवीय जग. एका महासत्तेची मक्तेदारी संपली, आता चार-पाच ध्रुव असतील, म्हणून आपण मोकळे, असे सांगितले जाते. महाराष्ट्राने तरी यावर इतक्या सहज विश्वास ठेवू नये. बहुध्रुवीय जग आपण दख्खनमध्ये पाहिले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि इंग्रज असे चार ध्रुव इथे होते. नाना फडणीसांएवढा समतोलाचा हिशेब त्या काळात क्वचितच कोणाला कळत होता. १७८० मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका फळीत आणले. १७९० मध्ये समीकरण बदलले. टिपूचे पारडे जड वाटले, म्हणून पुण्याने इंग्रज आणि निजामाशी करार केला. १७९२ मध्ये टिपूचे निम्मे राज्य गेले आणि तिघांनी वाटून घेतले. १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौज पत्करली. १७९९ मध्ये टिपू पडला. १८०० मध्ये नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तहावर सही केली: इंग्रजांच्या सहा पलटणी आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. पुढच्याच वर्षी असई आणि लासवारीच्या लढाया झाल्या, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

नानांचे गणित चुकले असे कोणी म्हणेल. प्रत्येक पायरीवर गणित बरोबरच होते, प्रत्येक वेळी जड पारड्याविरुद्धच वजन टाकले गेले. त्या सगळ्यांच्या वर बांधून ठेवणारा नियम मात्र नव्हता. नियम नसला की समतोलातली वजने एकेक करून सर्वांत धीराच्या खेळाडूच्या खिशात जातात. चार ध्रुवांचा एक व्हायला दख्खनमध्ये तीन दशकेसुद्धा लागली नाहीत.

“पण गोवा? पण बांगलादेश?”

इथे जाणकार वाचक थांबवील. ज्या व्हेटोला तुम्ही नावे ठेवता त्यानेच आपल्याला तारले, असे तो म्हणेल. आक्षेप खरा आहे. त्याला टाळून पुढे जाणारे पत्रक फाडून टाकण्याच्या लायकीचे.

१८ डिसेंबर १९६१. भारतीय सेना गोव्यात शिरली होती. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला: युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावे. सात मते ठरावाच्या बाजूने, चार विरुद्ध. त्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणून ठराव पडला. हे आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. पण उरलेली तीन मते कोणाची होती? सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. ना अणुबाँब, ना आरमार. आपण रशियाचे आभार पाठ केले आणि या तिघांची नावे गाळली.

ते तिघे कशाच्या आधारावर उभे राहिले तेही पाहा. वर्षभरापूर्वी, १४ डिसेंबर १९६० रोजी, आमसभेने वसाहतवाद संपवण्याची घोषणा मंजूर केली होती: ८९ मते बाजूने, विरुद्ध शून्य, नऊ तटस्थ. त्या नऊ जणांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल होते. गोवा हा पोर्तुगालचा प्रांत आहे ही पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारची थाप त्या घोषणेने निकामी केली होती. गोव्यावरचा आपला हक्क न्याय्य ठरवला तो लहान देशांच्या बहुमताने. नकाराधिकाराने त्या रात्रीपुरती ढाल धरली.

१९७१ ची गोष्ट अधिक कठीण आहे, आणि ती आमच्या बाजूने वळवून सांगणार नाही. डिसेंबरात सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला आणि ढाका पडेपर्यंत आपल्याला वेळ मिळाला. उलट ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली. म्हणजे त्या दिवशी आमसभा आपल्या विरुद्ध होती. बहुमत नेहमी शहाणे असते असा दावा आम्ही करत नाही.

प्रश्न डिसेंबरच्या आधीचा आहे. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने चालवलेली कत्तल २५ मार्चला सुरू झाली. ६ एप्रिलला तिथल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाचे प्रमुख आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली. जवळजवळ एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. सुरक्षा परिषद या प्रश्नावर बसली ती ४ डिसेंबरला! मधले आठ महिने ती कुठे होती? अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना चीनशी सूत जुळवायचे होते आणि मध्यस्थ पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान होते. जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. रशियाविरुद्ध चीनला जोडून नवा समतोल उभा करायचा होता, म्हणून बंगालचे प्रेत पायाखाली घेऊन पुढे चालायचे ठरले. नकाराधिकाराचे औषध आपल्याला लागले, कारण नकाराधिकारवाल्यांनीच रोग वाढू दिला होता.

आणि औषधाची किंमत? १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावर आमसभेत तटस्थ. २०२२ मध्ये युक्रेनवर तटस्थ. या मौनामागे शस्त्रे होती, तेल होते, इतर हिशेबही होते. पण दुसऱ्याच्या व्हेटोच्या सावलीत राहणाऱ्याचा आवाज खाली येतो, हे नाकारता येत नाही. गोव्यासाठी जगाला वसाहतवाद समजावून सांगणारा देश प्राग आणि काबूलच्या वेळी शब्द चावत राहिला.

सहावा आला की पाच सुधारतात का?

सरकारची भूमिका अशी: नकाराधिकार आहे तोवर तो नव्या कायम सदस्यांनाही मिळावा, न्याय सर्वांना सारखा हवा. ऐकायला बरे वाटते. पण एका अन्यायात आणखी एक भागीदार आला की अन्याय सोसणाऱ्यांत एक कमी होतो आणि त्याचे समर्थन करणाऱ्यांत एक वाढतो. नायजेरियाला, इंडोनेशियाला, नेपाळला त्यात कुठला न्याय मिळाला?

खुर्ची मिळाली की माणूस बदलतो, आणि देशही. याचा पुरावा शेजारी आहे. साम्यवादी चीनला २२ वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या दाराबाहेर उभे केले गेले आणि त्याची जागा तैवानच्या सरकारने अडवली. हा अन्याय आहे असे भारत अनेक वर्षे सांगत होता. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेने अमेरिकेचा विरोध मोडून ती जागा पेकिंगला दिली. जो देश स्वतः इतकी वर्षे दाराबाहेर राहिला, त्याने आपला पहिला नकाराधिकार कशासाठी वापरला? २५ ऑगस्ट १९७२ रोजी, नुकत्याच जन्मलेल्या बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळू नये म्हणून. एक वर्षही झाले नव्हते. बांगलादेश आत आला तो १९७४ मध्ये.

आपण तसे वागणार नाही, अशी हमी कोण देतो? आजचे सरकार देईल, पण नकाराधिकार उद्याच्याही सरकारला मिळणार आहे. शिवाय २००५ मध्ये भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील यांनी मिळून जो मसुदा आणला त्यात आपणच कबूल केले होते की नव्या कायम सदस्यांनी १५ वर्षे नकाराधिकार वापरायचा नाही. वीस वर्षांपूर्वी १५ वर्षे थांबायची तयारी होती, तर आज तो कायमचा सोडायला अडचण कसली?

पाचांना नमवता येते

“पण सनद बदलायला पाचांचीच संमती लागते,” असे सांगून चर्चा संपवली जाते. लागते, हे खरे. १०८वे कलम तसेच आहे. पण १९६३ चे काय? तेव्हा परिषदेत ११ च सदस्य होते. आशिया-आफ्रिकेतल्या नव्या देशांनी ते १५ करण्याचा ठराव आमसभेत मांडला. फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने विरुद्ध मत दिले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. ठराव ९७ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत या चौघांनी एकामागून एक दुरुस्तीला मान्यता दिली, आणि ३१ ऑगस्ट १९६५ पासून ती लागू झाली. हृदयपरिवर्तन झाले नव्हते. अख्ख्या आशिया-आफ्रिकेची नाराजी परवडणार नाही, असा हिशेब झाला होता.

दुसरे उदाहरण हिंदी महासागरातले. १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसपासून छागोस बेटे तोडली, तिथली माणसे बोटींत कोंबून हाकलली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेच्या तळाला दिले. मॉरिशसने अर्धशतक धीर सोडला नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही ताटातूट बेकायदा ठरवली. आमसभेत ११६ विरुद्ध ६ मते पडली. ब्रिटन आणि अमेरिका हे दोन नकाराधिकारवाले एका बाजूला, आणि भारत मॉरिशसच्या बाजूला. मे २०२५ मध्ये ब्रिटनला बेटांचे सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही करावी लागली. तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहणार, म्हणजे विजय अर्धाच. पण आमसभा म्हणजे नुसता बोलघेवडेपणा, असे म्हणणाऱ्यांनी हा अर्धा विजय तरी मोजावा.

आमच्या मागण्या

१. भारत सरकारने संसदेत जाहीर करावे की सुरक्षा परिषदेत जागा मिळो वा न मिळो, भारत नकाराधिकार मागणार नाही आणि स्वीकारणार नाही.

२. वादातील पक्षाने मतदान करू नये, हा नियम सक्तीच्या कारवाईच्या ठरावांनाही लावणारी सनददुरुस्ती भारताने आमसभेत मांडावी. पाच देश विरोध करतील. करू देत. त्यांनी तो उघडपणे, जगासमोर, नाव लावून करावा.

३. सामूहिक हत्याकांडाच्या प्रसंगी कायम सदस्यांनी नकाराधिकार स्वतःहून बाजूला ठेवावा, या फ्रान्स आणि मेक्सिकोच्या २०१५ च्या प्रस्तावामागे भारताने पूर्ण ताकद लावावी.

४. एप्रिल २०२२ च्या ठरावानुसार नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत चर्चा घ्यावी लागते. अशा प्रत्येक चर्चेत भारताने स्पष्ट बाजू घ्यावी, मग व्हेटो वापरणारा मित्र असो की प्रतिस्पर्धी. तटस्थ राहायचेच असेल तर त्याचे कारण लोकसभेत सांगावे.

या मागण्या भोळ्या आहेत असे म्हटले जाईल. बळी तो कान पिळी, हेच जग आहे, असे ऐकवले जाईल. जग तसे आहे म्हणूनच तर नियम हवेत. बळी असलेल्याला नियमाची गरज नसते. आणि आपण किती बळी आहोत याचा फाजील अंदाज बांधू नका. पाच खुर्च्यांवर बसलेल्यांनी सहावी आजवर पुढे केलेली नाही, आणि केली तर फुकट करणार नाहीत.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, पाणी, वीज विचारा. ते आधी. पण सभेत त्याने “भारत महासत्ता होणार” असे म्हटले की उभे राहून एक प्रश्न विचारा: महासत्ता होऊन आपण कोणाचा ठराव पाडणार आहोत? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.